जिन्याचा दर तासांवर ठरतो: कर्वेनगरमधल्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचं प्रकरण

पुण्यात कर्वेनगरमधल्या या सोसायटीत दोन विंग आहेत. खाली पार्किंग, वर पाच मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे दोन्ही मिळून चाळीस. प्रत्येक विंगला एक लिफ्ट. जिने आणि पॅसेज कोटा दगडाच्या लाद्यांचे, पुढे पेव्हर ब्लॉकचं अंगण. सफाईचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि दर होता फ्लॅटमागे महिना १५० रुपये, एकूण ६,०००. तक्रारी नेहमीच्याच: कोपऱ्यात केसांचे पुंजके, कठड्यावर धूळ, ओल्या कचऱ्याच्या बादलीतून ठिबकलेल्या पाण्याचे वाळलेले ओघळ, आणि दुसऱ्या मजल्याच्या वर फडकं कधी फिरलं हे कोणालाच सांगता येईना.

मी सोसायट्यांचे मेंटेनन्सचे हिशेब आणि देखभालीची कामं बघतो. कमिटीने मला बोलावलं तेव्हा ठेकेदार बदलायचं त्यांचं जवळजवळ ठरलेलं होतं. टेबलावर तीन कोटेशनं होती: ६,८००, ९,५०० आणि २४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२०. तिसरं पहिल्याच मिनिटाला बाजूला पडलं होतं. खजिनदार पहिल्याच्या बाजूचे, सेक्रेटरी काकू दुसऱ्याच्या. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कागद बारकाईने वाचतात. दुसऱ्या कोटेशनमध्ये ‘जिने रोज झाडून-पुसून’ असं स्पष्ट लिहिलंय, यावर त्यांचा भर होता.

मी एवढंच विचारलं की या तिघांचं माणूस इमारतीत रोज किती वेळ असेल आणि त्याच्या हातात महिन्याला किती पडतील. पहिल्या दोन कोटेशनांमध्ये याचं उत्तर नव्हतं. तिसऱ्यात होतं: एक माणूस, आठ तास, महिन्याला २६ दिवस. तो ठेकेदार महाग वाटला, पण आपण काय विकतोय हे सांगणारा तिघांत तो एकटाच होता.

आधी चालू व्यवस्थेचा हिशेब काढला. काम करणाऱ्या मावशी वारज्याहून यायच्या आणि याच भागातल्या आणखी तीन इमारती करायच्या. ६,००० पैकी त्यांच्या हातात ३,५०० पडायचे. ठेकेदारानेही ते नाकारलं नाही. इमारतीत त्या रोज सरासरी दीड तास असायच्या. म्हणजे महिन्याला ३९ तास, तासाला जवळजवळ ९० रुपये. त्यांच्या बाकीच्या तीन इमारतींचा हिशेबही मी त्यांच्याकडून समजून घेतला, तर तिथेही तासाचा दर याच्याच आसपास निघाला. मावशींनी कधी कागदावर भागाकार केला नव्हता. पण कुठल्या इमारतीला किती वेळ द्यायचा हे त्यांच्या अंगात बसलेलं होतं. ज्या बाईला कमिटी कामचुकार म्हणत होती, ती जेवढ्या वेळाचे पैसे मिळत होते तेवढा वेळ इमानाने देत होती. काम त्याहून कितीतरी जास्त होतं, इतकंच.

काम नेमकं किती, ते मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. मावशींबरोबर मी दोन्ही विंग वरपासून खालपर्यंत फिरलो, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. त्यांना आधी सांगितलं, घाई करू नका, रोज जमेल त्याच चालीने करा. त्या म्हणाल्या, “दादा, नीट केलं तर येवढा येळ लागतो, ते लिवा. नाहीतर उद्या म्हनाल, पटपट का होत न्हाई.”

मोजलेला हिशेब असा आला. रोजच्या कामात दोन्ही विंगचे जिने आणि पॅसेज झाडायला ६० मिनिटं, दोन्ही लॉबी आणि लिफ्ट पुसायला ३०, पार्किंग आणि अंगण खराट्याने झाडायला ५०, आणि बादल्या भरणं, फडकी धुणं, सामान जागेवर लावणं यात १५. ही शेवटची पंधरा मिनिटं कुठल्याही कोटेशनमध्ये नसतात, पण ती कोणीतरी देतंच. आठवड्यातून दोनदा दोन्ही जिने पुसायचे तर एका वेळेला दीड तास. महिन्यात अशा नऊ पाळ्या धरल्या. आठवड्यातून एकदा कठडे, मीटरच्या पेट्यांची दारं, स्विचबोर्ड, लिफ्टची दारं, यांना ८० मिनिटं. महिन्यातून एकदा जळमटं दीड तास, दोन्ही गच्च्या दोन तास, जिन्याच्या खिडक्या एक तास आणि जिने घासून धुणं तीन तास. सगळं मिळून ९३ तास ३० मिनिटं.

विकले जात होते ३९ तास आणि इमारतीची गरज साडेत्र्याण्णव. जिना अस्वच्छ का, हे या दोन आकड्यांत आलं.

मग ती दोन कोटेशनं पुन्हा समोर घेतली. ९,५०० वाल्याने रोज पुसण्याचं कबूल केलं होतं. जिने आठवड्यातून दोनदाऐवजी रोज पुसायचे तर नऊऐवजी २६ पाळ्या, म्हणजे आणखी साडेपंचवीस तास, एकूण ११९. ठेकेदाराचा हिस्सा, सामान आणि देखरेख वजा जाता बाईच्या हातात फार तर ५,५०० पडले असते. तासाला ४६ रुपये. जी बाई शेजारच्या इमारतीत ९० ने काम करते ती इथे ४६ ने करणार नाही. ती साठेक तास देईल आणि उरलेलं काम कागदावर राहील. सेक्रेटरी काकूंनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं आणि ते कोटेशन मागे सरकवलं. ६,८०० वाल्याचा तर भागाकार करायचीही गरज नव्हती.

तिसऱ्या कोटेशनवर मात्र नीट बोलणं झालं. महिन्याचे २०८ तास या इमारतीला लागत नाहीत; निम्मे पुरतात. शिवाय १८ टक्के जीएसटी हा सोसायटीला सरळ खर्चच होता. सभासदाची महिन्याची वर्गणी ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर तिच्यावर जीएसटी लागत नाही, आणि जिथे कर लावत नाही तिथे भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. शंभर-दीडशे फ्लॅट, क्लब हाऊस, मोठी बाग असलेल्या बाणेर-बालेवाडीकडच्या संकुलाला असा ठेका परवडतो आणि त्यांनी तो घ्यावाही. चाळीस फ्लॅटना तो मोठा होता.

शेवटी पर्याय निघाला तो सोसायटीने मावशींना थेट कामावर घेण्याचा. त्यावर पहिला प्रश्न आला सुट्टीचा: मावशी गावाला गेल्या तर काय? ठेकेदार असतो तेव्हा बदली माणूस देणं त्याचं काम असतं, आणि ठेक्याचा खरा उपयोग तेवढाच असतो. त्यावर मावशींनीच तोडगा सांगितला. त्यांच्या जाऊबाई कोथरूडमध्ये धुण्या-भांड्याची कामं करत होत्या आणि दोन घरं सुटल्यामुळे त्यांना काम हवंच होतं. एक विंग एकीकडे, दुसरी दुसरीकडे, पार्किंग आणि अंगण आलटून पालटून. एकीची सुट्टी असेल त्या दिवशी दुसरी दोन्ही विंग करणार आणि त्या जादा तासांचे पैसे तिला मिळणार.

दुसरी भीती अपघाताची होती. “पाय घसरून पडल्या तर जबाबदारी आपली,” असं चेअरमन म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. थेट कामावर घेतलं की सोसायटी मालक ठरते. दोघींची बँकेत खाती होती. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचं संरक्षण. जीवनज्योती या आयुर्विम्याच्या योजनेचा हप्ता वर्षाला ४३६, वयाची अट १८ ते ५०, तिचंही संरक्षण दोन लाखांचं. दोघी पन्नाशीच्या आत होत्या. दोन्ही हप्ते सोसायटीने भरायचं ठरलं. दोघींचा मिळून महिन्याला ७६ रुपये खर्च. यात दवाखान्याचं बिल बसत नाही, म्हणून कामावर असताना लागलं-खुपलं तर उपचाराचा खर्च सोसायटी करेल असं ठरावात वेगळं लिहून घेतलं.

दर तासाला १०० धरला. बरीच वर्षं मावशींना वाढ नव्हती, म्हणून ९० वर थांबणं मला पटलं नाही आणि सेक्रेटरी काकूंनाही नाही. आठ तास आणि २६ दिवसांनी गुणलं तर २०,८०० होतात. किमान वेतनाच्या तक्त्याशी ते ताडून पाहिले; त्याखाली जात नव्हते. हे ताडणं एकदाच करून भागत नाही, कारण महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो.

पूर्ण कामाचा महिन्याचा खर्च मग असा: मजुरी ९,३५०, दोघींच्या महिन्याला दोन-दोन भरपगारी सुट्ट्या ७२०, दिवाळीला एक पगार म्हणून दर महिन्याला बाजूला ठेवायचे ७७९, सामान ९००, विमा ७६. एकूण ११,८२५. फ्लॅटमागे २९६ रुपये. दीडशेच्या जवळजवळ दुप्पट.

विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. तिथे दुप्पट हा शब्द बराच वेळ घुमला. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, आम्ही चौदा पायऱ्या चढतो, पाचव्या मजल्याचा खर्च आम्ही का द्यायचा? दुसऱ्यांचं म्हणणं, वन बीएचके आणि टू बीएचकेला सारखाच दर कसा? सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींत सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना समान आहे, आणि लिफ्टचा खर्चसुद्धा, मग ती वापरा किंवा वापरू नका. ही नोंदलेली सोसायटी आहे, म्हणून प्रश्न मिटला. हीच इमारत १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालची असती, तर खर्च घोषणापत्रात लिहिलेल्या, सामाईक भागातल्या प्रत्येक फ्लॅटच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यांप्रमाणे वाटावा लागला असता आणि मोठ्या फ्लॅटला जास्त आला असता. पुण्यात दोन्ही प्रकारच्या इमारती शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि एकीचा नियम दुसरीत सांगितला जातो. सभेआधी आपली नोंदणी कशाखाली आहे ते बघून घेतलं तर अर्ध्या तासाचा वाद वाचतो.

मग मी सभेला विचारलं, पैसे कमी करायचे असतील तर काम कोणतं कमी करायचं ते सांगा. मजुरीचा दर या चर्चेत येणार नाही, असं कमिटीने आधीच ठरवलं होतं. यादी समोर होती, प्रत्येक कामापुढे मिनिटं होती, त्यामुळे बोलणं लगेच ताळ्यावर आलं. गच्ची कमी करा असं कोणी म्हटलं, तर टॉप फ्लोअरवाल्यांनी गळतीची आठवण करून दिली. शेवटी ठरलं की पहिल्या मजल्याच्या वरचे जिने दिवसाआड झाडायचे. खालची वर्दळ वेगळी, वरची वेगळी. पाचव्या मजल्याचा जिना लिफ्टमुळे फारसा वापरलाच जात नाही. रोजची ४५ मिनिटं २६ ऐवजी १३ दिवस, म्हणजे पावणेदहा तास वाचले. उरले ८३ तास ४५ मिनिटं. मजुरी ८,३७५ आणि सगळा खर्च १०,६९३ रुपये. फ्लॅटमागे २७० ठरले. ठराव झाला, विरोधात तीन हात.

प्रत्यक्ष काम बसवताना जे पुढे आलं त्यात पैशांचा भाग कमी आणि सोयीचा जास्त होता. पुसायचं पाणी पार्किंगमधल्या नळावरून भरून पाच मजले वर न्यावं लागत होतं, आणि बादली घेऊन लिफ्टमध्ये जायला मनाई करणारी पाटी होती. गच्चीवर नळ होता, पण गच्चीची किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाकडे, आणि ते सकाळी नऊला बाहेर पडायचे. किल्लीची एक नक्कल करून मावशींकडे दिली. आता त्या गच्चीवर बादली भरतात आणि वरून खाली पुसत येतात. घाण पाणीही उतरत खालीच येतं आणि पार्किंगमधल्या मोरीत जातं. पार्किंगमधल्या कुलूपबंद संडासाचीही किल्ली दोघींना दिली. इतकी वर्षं ती कोणी दिली नव्हती.

गाड्या धुण्याचा विषय नाजूक होता. मावशी याच इमारतीतल्या अकरा गाड्या धुवायच्या, गाडीमागे महिना ४०० रुपये, म्हणजे ४,४००. जिन्यापेक्षा हे उत्पन्न जास्त. मालक साडेआठला गाडी काढतात म्हणून गाड्या आधी, आणि जिना उरलेल्या वेळात, तोही माणसांच्या ये-जा करणाऱ्या पायांखालून. कमिटीतल्या एकाला गाड्या बंदच करायच्या होत्या. ते अन्यायाचं झालं असतं. त्याऐवजी वेळ लावून घेतली: साडेसहा ते साडेआठ गाड्या, पाइप न लावता बादलीने, नऊनंतर जिने. शाळा-ऑफिसची गर्दी ओसरलेली असते, पुसलेलं वाळेपर्यंत कोणी तुडवत नाही. ही वेळही मावशींनीच सुचवली.

पुसायचे वार सोमवार आणि शुक्रवार होते ते बदलून मंगळवार आणि शनिवार केले. पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुतेक वेळा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. शुक्रवारची पाळी त्यामुळे वारंवार बुडत होती आणि दोष बाईवर येत होता.

सामानात सगळ्यात मोठा बदल ॲसिडचा. जुना ठेकेदार डाग काढायला ॲसिडची बाटली द्यायचा. कोटा हा चुनखडीचा दगड आहे. जिन्याखाली पडलेल्या एका जुन्या लादीच्या तुकड्यावर मी दोन थेंब टाकून दाखवले: फसफस झाली, बारीक बुडबुडे आले, आणि पुसल्यावर तिथे पांढुरका, खरबरीत ठिपका राहिला. जिन्यावरचे जे पांढरे डाग सगळे क्षारांचे समजत होते आणि ज्यांवर आणखी ॲसिड टाकत होते, त्यांतले बरेच ॲसिडनेच पडलेले होते. ते आता पॉलिशशिवाय जाणार नाहीत. आणखी एक गोष्ट दोघींना परतपरत सांगितली: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि जिन्याखालच्या कोंदट कपाटात तो जिवावर बेतू शकतो. आता त्या कपाटात साधं फ्लोअर क्लीनर, मापाचं झाकण, दोन रंगांच्या बादल्या, रबरी हातमोजे आणि लांब दांड्याचा मॉप आहे. एका बादलीत क्लीनरचं पाणी, दुसरीत मॉप खळबळायला साधं पाणी. एकाच बादलीने पाच मजले पुसले की तिसऱ्या मजल्यापासून खाली गढूळ पाणीच पसरतं. क्लीनरही अंदाजाने जास्त ओतलं तर लादी चिकट राहते आणि तिच्यावर धूळ दुप्पट बसते.

कामाच्या यादीच्या खाली काय करायचं नाही तेही लिहिलं. ड्रेनेजचं चेंबर उघडून साफ करणं या दोघींचं काम नाही. याआधी चेंबर तुंबलं की मावशींनाच बांबू घेऊन उभं केलं जायचं. गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. वरून बांबू घालण्यापासून आत उतरण्यापर्यंतची पायरी फार लहान असते, म्हणून ते दारच बंद केलं. त्यासाठी यंत्र असलेला माणूस वेगळा बोलवायचा, त्याचा खर्च वेगळा. कचरा उचलणं हेही वेगळं: तो ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई दारातून घेतात, ओला-सुका वेगळा. दारातून कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेने २००८ साली या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी करार केला, तेव्हापासून ही पद्धत आहे. पण रात्रभर दाराबाहेर ठेवलेल्या बादलीतून ठिबकतं ते पॅसेजमध्ये राहतं, आणि ते ना स्वच्छच्या ताईंचं काम ना मावशींचं. ज्याची बादली त्याने पुसायचं, असा ठराव झाला. तो सगळे पाळतात असं नाही. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर ओघळ अजून दिसतात.

देखरेखीला सुपरवायझर नाही. प्रत्येक विंगमध्ये तळमजल्यावर कामांचा तक्ता लावला आहे, काम झालं की दोघी त्यावर खूण करतात. सेक्रेटरी काकू आठवड्यातून एकदा जिन्याने उतरतात आणि काही राहिलं असेल तर दोघींशी थेट बोलतात. तक्रार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची नाही, काकूंना सांगायची, हेही ठरवून घेतलं. ग्रुपवर फोटो टाकून एखाद्या बाईची शोभा करणं सोपं असतं आणि तिला तिथे उत्तर देता येत नाही.

पगार पाच तारखेला खात्यात जातो. मावशींच्या हातात आता साधारण ४,२०० येतात. ३,५०० च्या मानाने वाढ मोठी नाही, कारण तासही दोघींत वाटले गेलेत. त्यांना विचारलं तर त्या भरपगारी सुट्टीचं आणि संडासाच्या किल्लीचं आधी सांगतात.

पहिल्या पावसाळ्यात हिशेबाला धक्का बसला. पेव्हर ब्लॉकमधून चिखल लॉबीत, लॉबीतून जिन्यावर. गच्चीच्या नळ्यांच्या तोंडाशी पालापाचोळा दर आठवड्याला काढावा लागला, नाहीतर पाणी साठून पाचव्या मजल्याच्या छतात उतरतं. दोघी न सांगता जास्त थांबत होत्या. ते तक्त्यावर दिसलं तेव्हा जादा तास मोजले: महिन्याला १२. जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे ४,८०० रुपये. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत दर २७० वरून २८० केला आणि झालेल्या जादा तासांचे पैसे दोघींना देऊन टाकले. या वेळी विरोधात कोणी हात वर केला नाही.

राहिला आहे तो डक्टमधल्या कबुतरांचा प्रश्न. वाळलेली विष्ठा खरवडली की धूळ उडते, ती श्वासातून छातीत जाते, म्हणून ते काम मावशींच्या यादीत घालायला मी नकार दिला. आधी जाळ्या बसवायच्या, मग मास्क आणि पाणी मारून एकदा सगळं साफ करून घ्यायचं, तेही त्या कामाच्या माणसांकडून. जाळीचे दोन दर आले आहेत आणि दोघांनाही डक्टचं माप घेऊन जायला सांगितलं आहे.